स्वागतम कधीच चुकत नाही

गुरुग्राममधल्या एका यंत्राने समताच्या बाबांना डिलिव्हरीवाला ठरवलं, तेव्हापासून घरात सगळे एकमेकांवर चिडून होते. यंत्रावर मात्र कुणी चिडत नव्हतं, कारण त्याचा आवाज फार गोड होता.

बाबा म्हणजे सुखदेव गजभिये, निवृत्त अवर सचिव, मुक्काम दिल्लीतलं मयूर विहार. मूळ भंडाऱ्याचे. निवृत्त झाल्यावर माणसं योगासनं करतात, सोसायटीची निवडणूक लढवतात, नाहीतर पेपरातल्या चुका काढतात. बाबांनी यातलं काहीच केलं नाही. दर रविवारी आईने केलेला पाटोडीचा रस्सा गुरुग्रामला मुलाच्या, म्हणजे धम्मपालच्या, घरी पोचवायचा, एवढं एकच काम त्यांनी अंगावर घेतलं आणि ते सरकारी निष्ठेने चालवलं.

सुरुवातीला डबा कापडी पिशवीतून जायचा. एकदा राजीव चौकला मेट्रो बदलताना तो तिरका झाला आणि रस्सा एका गृहस्थाच्या पांढऱ्या पँटवर उतरला. गृहस्थ वकील निघाले. त्यानंतर बाबांनी शनिवारच्या आठवडी बाजारातून एक जुनी बॅग आणली. बाहेरून लाल, आतून चंदेरी, चौकोनी, पाठीवर घ्यायची. जेवण पोचवणारी मुलं बाइकवर घेऊन फिरतात ती. कंपनीचं नाव कुणीतरी खरवडून काढलं होतं, पण खाली ‘गरमागरम’ एवढं शिल्लक होतं. बाबा त्या बॅगवर निहायत खूश होते. तीत डबा हलत नसे, रस्सा वाफाळत राही आणि मेट्रोत लोक आपण होऊन सरकून जागा देत.

धम्मपालच्या सोसायटीच्या गेटवर फेब्रुवारीत ‘स्वागतम’ बसवलं. काचेची दोन झापं, वर कॅमेरा आणि बाजूला पडदा. माणूस समोर आला की ते त्याला बघून ठरवायचं: निवासी, अतिथी, सहायक की डिलिव्हरी. पहिल्या दोघांना लॉबीतली लिफ्ट, जिच्यात आरसा आणि मंद बासरी. उरलेल्या दोघांना तळघरातून मागची लिफ्ट, जिच्यात चहूबाजूंनी प्लायवूड. बाबांच्या खांद्यांवरून लाल चौकोन डोकावत होता आणि यंत्राला तेवढं पुरलं. पहिल्या रविवारी ते म्हणालं, ‘‘डिलिव्हरी. कृपया पीछे की लिफ्ट का प्रयोग करें. धन्यवाद.’’

बाबांना वाटलं, हे सगळ्यांनाच म्हणत असेल. ते मागच्या लिफ्टने गेले. पुढचे कितीतरी रविवार तसेच गेले आणि त्यांनी घरी चकार शब्द काढला नाही.

समताला या गोष्टीत रस वाटायला हवा होता, कारण तिचा धंदाच तो होता. ती तत्त्वज्ञानात पीएच.डी. करत होती आणि तिचा विषय थोडक्यात असा: मनातला विचार अमुक एका गोष्टीबद्दल आहे, असं कशामुळे म्हणायचं? विषय बाबांनीच दिला होता, नकळत. एका जानेवारीत धुक्यात बाबा गल्लीच्या तोंडाशी थांबून ‘हाड, हाड’ करत होते. समोर कचऱ्याची काळी पिशवी होती. समताने त्यावर प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहिलं. ‘कुत्रा’ हा विचार कुत्र्यामुळे मनात येतो म्हणून तो कुत्र्याबद्दल असतो, असं मानलं तर पंचाईत होते. बाबांच्या मनात तो पिशवीमुळेही आला. मग तो विचार ‘कुत्रा किंवा कचऱ्याची पिशवी’ याबद्दल होता असं म्हणावं लागेल. आणि तसं म्हटलं की बाबा चुकलेच नाहीत. मग जगात कुणीच कधी चुकत नाही. जे दिसलं, तेच त्याला म्हणायचं होतं. तिच्या मार्गदर्शक विजया मॅडमना हे प्रकरण आवडलं. पुढे काय, असं त्यांनी विचारलं, आणि समता दोन वर्षं तिथेच अडकून होती.

बाबांचं मत सोपं होतं. ‘‘अगं, मी चुकलो होतो. यात प्रकरण कसलं?’’

चौदा एप्रिलला सकाळी आई, बाबा आणि समता संसद मार्गावर अभिवादनाला जाऊन आले आणि तिथून थेट गुरुग्रामला जेवायला गेले. बाबांनी निळा कोट घातला होता, टाय होता, बूट चमकत होते. त्या दिवशी रस्सा नव्हता, त्यामुळे बॅगही नव्हती. गेटवर आई पुढे झाली. पडदा म्हणाला, अतिथी. समता पुढे झाली. अतिथी. बाबा पुढे झाले, टाय सरळ केला.

‘‘डिलिव्हरी. कृपया पीछे की लिफ्ट का प्रयोग करें. धन्यवाद.’’

आई म्हणाली, पुन्हा उभे राहा, नीट बघितलं नसेल त्याने. बाबा पुन्हा उभे राहिले. यंत्राने नीट बघितलं आणि तेच सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढला. त्याने काही फरक पडला नाही, उलट पडद्यावरची खात्री नव्व्याण्णव टक्क्यांवर गेली.

गेटवरचा गार्ड हरिदास भला माणूस होता. त्याने समजूत घालायला आपला टॅब्लेट पुढे केला. साहेब, यात तुमची सगळी नोंद आहे, रेकॉर्ड एकदम क्लीन, असं तो हिंदीत म्हणाला. बाबांनी नोंद वाचली. गजभिये यांची डिलिव्हरी, दर रविवारी, वेळेवर. शेवटी सरासरी मानांकन: चार तारे.

एवढ्यात धम्मपाल खाली आला. त्याच्या फोनवर ‘आपली डिलिव्हरी गेटवर आहे’ असा निरोप आला होता. दर रविवारी यायचा. खाली ‘स्वीकारा’ आणि ‘नाकारा’ अशी दोन बटणं असत. धम्मपाल बहुतेक वेळा कुठल्यातरी कॉलवर असे. तो न बघता ‘स्वीकारा’ दाबायचा. मग ॲप विचारायचं, सेवा कशी वाटली?

बाबांनी टॅब्लेट त्याच्यापुढे धरला. ‘‘चार?’’

धम्मपालने वाचलं. मग कोटाकडे पाहिलं. मग पुन्हा वाचलं.

‘‘एक कशाचा कापलास?’’

‘‘बाबा, यार, सवय आहे. मी पाच कुणालाच देत नाही.’’

समताच्या डोक्यात मात्र भलताच प्रकाश पडला. यंत्र शिकत होतं. बॅग बघून त्याने एकदा चुकीचं ठरवलं, तेव्हा वरून कुणी ‘नाकारा’ दाबायला हवं होतं. दादा दर रविवारी त्याला सांगत राहिला: बरोबर, हाच, शाब्बास. आता बॅगची गरजच उरली नव्हती. बाबांचा चेहरा हीच डिलिव्हरी झाली होती. तिने हे दादाला तिथल्या तिथे समजावून सांगितलं. काही शोध घरी जाऊन सांगितलेले बरे असतात, हे तिच्या लक्षात जरा उशिरा आलं.

धम्मपालचे कान लाल झाले. तो म्हणाला, बिल्कुल सोपं आहे, दर वेळी पाहुण्यांचा कोड पाठवतो, तो दाखवायचा की गेट उघडतं. आणि ती बॅग तेवढी बदला ना.

बाबा हरिदासच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. फायलीवर शेरा मारण्याआधी बसत, तसे.

‘‘मुद्दा एक. मी कोण हे त्याला कळत नसेल तर त्याने ‘माहीत नाही’ म्हणावं. मुद्दा दोन, डिलिव्हरी करणारी मुलं घाम गाळून जेवण आणतात, त्यांना मागून का पाठवता हे मला कुणी सांगितलेलं नाही. मुद्दा तीन.’’ ते थांबले. ‘‘माझ्या आजोबांनी मागचं दार पाहिलं. त्यांच्यानंतर आपल्या घरात कुणी पाहिलं नाही. मी इतके रविवार गेलो, कारण मला वाटलं, सगळेच तिथून जातात. आता जाणार नाही. पुढच्या दाराने येईन, माझ्या नावाने येईन. बॅगही तीच आणेन.’’

त्या दिवशी ते वर गेले नाहीत. आई आणि समताही गेल्या नाहीत. धम्मपालची सात वर्षांची मुलगी लुंबिनी ताटं घेऊन खाली आली आणि सगळे गेटपाशी जेवले. धम्मपाल उभ्याने जेवला.

सोसायटीचे सेक्रेटरी चिराग भल्ला. त्यांनी स्वागतम आणलं होतं आणि त्याच्याबद्दल ते पहिलटकर बापासारखे बोलत. समताने अर्ज केला, तेव्हा त्यांनी तो कमिटीच्या बैठकीत घेतला. समता तयारीनिशी गेली. तिने विचारलं की डिलिव्हरी म्हणजे काय, हे आधी ठरवूया का? दिल्लीकडे असा प्रश्न विचारणं धोक्याचं असतं, कारण सगळ्यांना उत्तर माहीत असतं.

भल्ला म्हणाले, जो बाहेरून तयार जेवण आणतो, देतो आणि परत जातो, तो डिलिव्हरी. समता म्हणाली, मग माझे बाबा डिलिव्हरीच. कमिटी जरा वरमली. कुणी म्हणालं, पैसे घेतो हे कलम घाला. त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या की त्यांचे जावई जेवण आणतात आणि जाताना पैसेही घेऊन जातात. पैशाचं कलम निघालं. अनोळखी असतो, असं घातलं, तर रोज येणारा दूधवाला सुटला आणि दुबईहून आलेला कुणाचातरी सख्खा भाऊ अडकला. घाईत असतो, असं घातलं, तेव्हा भल्लाच अडकले. ‘हसत नाही’ अशीही एक सूचना आली. तिला बरंच अनुमोदन मिळालं, पण मग कमिटीतलं कुणीच उरेना. शेवटी चहा आला आणि ठराव एकमताने मंजूर झाला: ज्याला स्वागतम डिलिव्हरी म्हणेल, तो डिलिव्हरी.

‘‘देखा?’’ भल्ला म्हणाले. ‘‘मशीन कभी गलत नहीं होती, मॅडम.’’

समताला दोन वर्षांत न सुचलेलं वाक्य तिथे, बिस्किट हातात असताना, सुचलं. ती हिंदीत म्हणाली की तुमच्या ठरावानुसार ते चुकूच शकत नाही, हे खरंय. माझे बाबा धुक्यात पिशवीला कुत्रा म्हणाले आणि चुकले. चुकले, म्हणजे कुत्रा कशाला म्हणायचं हे त्यांना ठाऊक होतं. ज्याला चुकताच येत नाही, ते कुणाबद्दल काही सांगत नाही. ते नुसतं वाजतं.

भल्लांनी इतिवृत्तात लिहून घेतलं: ‘मॅडमनी यंत्र चुकत नसल्याचं मान्य केलं.’

घरी आल्यावर समताने हे सांगितलं, तेव्हा बाबा पहिल्यांदा प्रबंधाबद्दल आपण होऊन बोलले. मग आपण त्यांच्याकडून एवढंच मागायचं, ते म्हणाले. कोड नको, पास नको, सवलत नको. ‘यंत्र चुकलं’ एवढं म्हणा. आई म्हणाली, माणसं म्हणत नाहीत, यंत्र कुठून म्हणणार? आणि रविवारच्या पाटोडीसाठी बेसन काढायला गेली.

मग दर रविवारी गेटवर जेवण सुरू झालं. बाबा लाल बॅग पाठीवर घेऊन यायचे, यंत्रासमोर उभे राहायचे, ते ‘डिलिव्हरी’ म्हणायचं, बाबा ‘चूक’ म्हणायचे, आणि हरिदासने मांडलेल्या खुर्चीवर बसायचे. लुंबिनीला हा खेळ वाटे. ती बाबांच्या आधीच ‘चूक’ म्हणून ओरडे. धम्मपाल खाली यायचा, इकडेतिकडे बघायचा, कुणी ऑफिसातलं तर नाही ना याचा अंदाज घ्यायचा आणि उभ्याने जेवायचा. त्याने ॲपवर ‘नाकारा’ दाबायला सुरुवात केली होती. पण आता ॲप विचारू लागलं: डिलिव्हरी नाकारण्याचं कारण? उशीर, थंड जेवण, की चुकीचा पत्ता? चौथं कारण नव्हतं. त्याने एकदा नाइलाजाने ‘थंड जेवण’ दाबलं. आईला ते कळलं आणि ती त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही.

बी टॉवरमधले एक निवृत्त ब्रिगेडियर आपल्या लॅब्राडॉरला घेऊन रोज गेटवरून जात. पाटोडीच्या वासाने ते एका रविवारी थांबले. दुसऱ्या रविवारी वाटी घेऊन आले. तिसऱ्या रविवारी स्वतःची खुर्ची घेऊन आले आणि बाबांशेजारी बसून सैन्यातल्या जेवणाबद्दल वाईटसाईट बोलले. यंत्र वरून सगळं बघत होतं आणि शिकत होतं. सोमवारी ब्रिगेडियर फिरून परत आले, तेव्हा पडदा म्हणाला, डिलिव्हरी. मागची लिफ्ट. कुत्र्याला मात्र त्याने निवासी म्हटलं.

गोष्ट तेव्हा गंभीर झाली. इतके दिवस एका पाहुण्याचा प्रश्न होता, आता एका फ्लॅटमालकाचा झाला. ब्रिगेडियर कमिटीत जे बोलले, ते इतिवृत्तात कुणी लिहून घेतलं नाही. कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन आला आणि दिवसभर गेटवर बसला. ‘कुठे चुकलं?’ असं समताने त्याला मुद्दाम जाऊन विचारलं. तो म्हणाला, चुकलं काही नाही, अपडेट केलंय.

पुढच्या रविवारी भल्ला स्वतः गेटवर पुष्पगुच्छ घेऊन उभे होते. ब्रिगेडियर होते, तिसऱ्या मजल्यावरच्या बाई होत्या, त्यांचे जावईही होते. लुंबिनी चवड्यांवर उभी होती. धम्मपाल काचेच्या आतल्या बाजूला होता आणि आज पहिल्यांदाच त्याच्या कानात फोन नव्हता. आई आणि समता बाबांच्या मागे थांबल्या. भल्ला म्हणाले, आइए अंकलजी, आज आपका स्वागत है.

बाबा बॅग घेऊन यंत्रासमोर उभे राहिले.

‘‘निवासी. आपका स्वागत है.’’

काचेची झापं उघडली. आत लॉबी दिसली, लिफ्टचा आरसा दिसला. टाळ्या वाजल्या. समतालाही क्षणभर वाटलं, सुटलो.

बाबा जागचे हलले नाहीत.

‘‘चूक,’’ ते म्हणाले.

भल्लांचा पुष्पगुच्छ हवेत राहिला. बाबांनी त्यांना शांतपणे सांगितलं की मी इथे राहत नाही, मयूर विहारला राहतो. तुमच्या माणसाने माझा चेहरा एका खणातून उचलून दुसऱ्या खणात टाकला. कालचं खोटं मला खाली ढकलत होतं, आजचं वर ओढतंय. मी धम्मपालचा बाप आहे. मुलाकडे जेवण घेऊन आलोय.

‘‘पर अंकलजी, गेट तो खुल गया ना?’’

‘‘गेट उघडलं. पण ते चुकलं होतं, हे कुणी म्हणालं का?’’

भल्ला हिंदीतून घायकुतीला आले. ते म्हणाले, सिस्टिममध्ये तसा ऑप्शनच नाही. बाबा म्हणाले, तुम्ही तोंडी म्हणा, तुमच्यात तर ऑप्शन आहे. भल्लांनी तोंड उघडलं, आजूबाजूच्या लोकांकडे पाहिलं आणि मिटलं. तेवढ्यात कुणी आत जात नाही, हे पाहून झापं आपोआप बंद झाली. बाबा मागे वळले आणि खुर्ची ओढू लागले. आईने डबा उघडायला घेतला. समताच्या मनात आलं की हे असंच चालणार, लुंबिनी कॉलेजात जाईल तरी आपण इथेच ताटं मांडत असू, आणि बाबांची काही हरकत नसेल.

झापांच्या शेजारी एक लहान लोखंडी फाटक होतं. आग लागली, भूकंप झाला, तर उघडायचं. त्याच्या कडीवर लाल सील होतं आणि वर मोठ्या अक्षरांत दंडाची धमकी. धम्मपाल तिथे गेला. धम्मपाल, ज्याने आजवर कुठल्याच ॲपच्या अटी नाकारल्या नव्हत्या आणि सिग्नलला रिकाम्या रस्त्यावरही गाडी थांबवली होती. त्याने सील तोडलं, कडी ओढली आणि फाटक ढकलून बाहेर आला. बाबांच्या खांद्यांवरून लाल बॅग उतरवून स्वतःच्या पाठीवर घेतली. पट्टे त्याला तोकडे पडले.

‘‘चला, बाबा,’’ तो म्हणाला. ‘‘मी चुकलो होतो. दर रविवारी.’’

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग कोट नव्हता, तरी कोट सारखा करावा तसा सदरा सारखा केला, आणि फाटकातून आत पाऊल टाकलं.

स्वागतमचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा गोड नव्हता. भोंगा वाजला, पडदा लाल झाला: ‘‘अनधिकृत प्रवेश. अनधिकृत प्रवेश.’’

बाबा थांबले. मान वर करून त्यांनी पूर्ण घोषणा दोनदा ऐकून घेतली.

‘‘समता,’’ ते म्हणाले, ‘‘ऐक. आत्ता बरोबर बोलतंय.’’

मग सगळे आत शिरले. आई, समता, लुंबिनी, वाटी घेऊन ब्रिगेडियर आणि तो निवासी कुत्रा. भल्ला मागून ‘रूल्स, रूल्स’ म्हणत होते. हरिदासने भोंगा ऐकू येत नसल्यासारखी खुर्ची पुसायला घेतली. लॉबीतल्या लिफ्टमध्ये सगळे दाटीवाटीने उभे राहिले. आरशात बाबा होते आणि त्यांच्या मागे पाठीवर ‘गरमागरम’ घेतलेला त्यांचा मुलगा. बासरी वाजत होती.

मजला यायच्या आत धम्मपालचा फोन थरथरला. अनधिकृत व्यक्तीची नोंद झाली आहे, असा निरोप होता. खाली नेहमीचाच प्रश्न: स्वागतमची सेवा कशी वाटली? धम्मपालने फोन बाबांपुढे धरला.

बाबांनी चष्मा नाकावर सरकवला आणि एक तारा दिला.

‘‘एकच?’’ लुंबिनीने विचारलं.

‘‘एकदाच बरोबर बोललं ना,’’ बाबा म्हणाले. ‘‘शिकतंय म्हणतात. शिकू दे.’’